बरोबर उत्तराला नुसती घंटा

आमच्या कंपनीचं नाव इंग्रजीत होतं आणि पाटीपेक्षा लांब होतं. रंगाऱ्यानं शेवटची अक्षरं बारीक करून कोपऱ्यात कोंबली, तरी एक खिडकीच्या फळीवर गेलंच. त्यामुळे खिडकी उघडली की कंपनीचं नाव अपुरं राहायचं. आणि खिडकी उघडावीच लागायची, कारण खाली मिरची-हळदीचं कांडप होतं आणि वर आम्ही. सांगलीत त्या काळात दोन खोल्या परवडतील अशी दुसरी जागा आम्हाला मिळाली नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आमच्या कॉम्प्युटरच्या कळांवर रोज सकाळी पिवळा-तांबडा थर बसलेला असायचा, आणि आम्ही तो फुंकून जगाला शिकवायला बसायचो.

धंदा काय, तर फोनच्या तारेवरून शिकवणं. माणसानं आपल्या गावात, आपल्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर धडा ऐकायचा, प्रश्न सोडवायचे, आणि त्याची उत्तरं तारेतून आमच्याकडे सांगलीला यायची. मी हे फार रंगवून सांगायचो. ऐकणारा शेवटी विचारायचा, "म्हणजे टायपिंगचा क्लास का?" जिना चढून येणाऱ्यांतले निम्मे तेवढ्यासाठीच यायचे. उरलेले मिरची दळून झाली का ते बघायला.

कंपनी म्हणजे मी आणि माझा भागीदार. तो कुंडलचा. घरी ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि हा धाकटा कॉम्प्युटरच्या नादी लागलेला. त्याचे वडील गावात सांगायचे, "धाकटं सांगलीत पेटीसंगं बोलत बसतंय. डोस्कं बरं हाय तसं." प्रोग्रॅम तो लिहायचा. धडे मी लिहायचो, कारण मी आधी काही वर्षं एका तंत्रशाळेत शिकवलं होतं आणि तिथून मला कुणी काढलं नव्हतं. माझ्याजवळ एवढंच काय ते प्रशस्तिपत्र होतं.

माझं बिऱ्हाड मात्र साताऱ्यात. बायको तिथे दवाखान्यात नर्स, सातवीतली मुलगी तिच्याजवळ आणि माझी आई त्या दोघींजवळ. मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं जायचो आणि सोमवारी उजाडताना परत फिरायचो. मधला रविवार मी बहुतेक झोपून काढायचो. दूरचं जवळ आणायची कंपनी काढणारा माणूस स्वतःच्या घरापासून तीन तासांवर राहत होता, हे माझ्या बायकोनं मला एकदाच ऐकवलं. ती फारशी बोलत नाही. तेवढं एकदाच पुरलं.

"दिवाळीपर्यंत बघा," ती म्हणाली. "एखादं मोठं काम लागलं तर ठीक. नाही लागलं तर पाटी उतरवा आणि घरी या. पोरगी हल्ली तुमच्याशी कशी बोलते, बघितलंय?"

बघितलं होतं. पूर्वी मी आलो की ती दारातच पिशवीत हात घालायची. आता "आलात पप्पा?" म्हणायची आणि पुस्तकात मान घालायची. विचारेल तेवढ्याला "हो", "बरं", "आहे". पाहुण्याशी बोलावं तसं. कंपनी बुडेल याची मला भीती होतीच. पण खरी भीती दुसरीच होती. या पोरीला मी नसण्याची सवय लागेल, आणि ती सवय तिला बरी वाटायला लागेल.

काम आलं ते एका दूध संघाकडून. संघाची गावोगावी केंद्रं होती, जिथे दूध गोळा होऊन थंड होतं. वडूजला एक, शिराळ्याकडे एक, अशी. रोजचे आकडे मुख्य कचेरीत पाठवायला त्यांनी केंद्रांवर कॉम्प्युटर आणि फोन बसवले होते, आणि आता तिथल्या माणसांना फॅटचे हिशेब, शेकडेवारी, दूध तपासणी हे सगळं शिकवायचं होतं. माणसं सांगलीला बोलावली तर केंद्रावरचं दूध कोण बघणार? संघाचे साहेब म्हणाले, "करून दाखवा. वडूजच्या केंद्रावर लावून बघू. जमलं तर सगळीकडे."

धड्याला आवाज हवा होता. आवाज द्यायला पुण्याहून माणूस आणणं झेपणारं नव्हतं. भागीदाराचा आवाज घेऊन पाहिला, तर तो शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारल्यासारखा आला. मग राहिलो मी. दुपारी कांडप बंद असायचं तेवढ्या वेळात आम्ही खिडकीवर गोधड्या टांगायचो आणि मी एक गोधडी डोक्यावरून घेऊन माइकपुढे बसायचो. वर पंखा बंद, कारण तो करकरायचा.

प्रश्नाचं उत्तर चुकलं की काय करायचं, यावर मी फार विचार केला होता. माझ्या शाळेत चुकलं की पट्टी होती. केंद्रावरची माणसं तर पन्नाशीची, मुलाबाळांची. त्यांना मशीननं "चूक" म्हणणं बरं नव्हे. म्हणून प्रत्येक चुकीला मी वेगळं बोललो. सावकाश, समजुतीनं. "असू द्या. घाई कशाची? आपण परत बघू." म्हशीचं दहा लिटर दूध, फॅट आठ, गाईचं तीस लिटर, फॅट चार, एकत्र केलं तर फॅट किती, असा एक प्रश्न होता. यात सगळे हमखास सहा म्हणतात. त्याला मी म्हटलं होतं, "सहा म्हणालात ना? मलाही आधी सहाच वाटलं होतं. पण गाईचं दूध जास्त आहे, ते फॅटला आपल्याकडे ओढतंय..." आणि इथे मला शिंक आली. खालच्या बंद कांडपातूनसुद्धा मिरची वर यायचीच. साधी शिंक नव्हे, गोधडीसकट मी हललो.

"परत घेऊ या," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे रं," भागीदार म्हणाला. "वडूजवाल्याला तेवढंच वाटंल की आत माणूस बसलाय."

शिंक राहिली.

आणि उत्तर बरोबर आलं तर? तर घंटा. एका पितळी ताटलीवर चमचा मारून भागीदारानं तो आवाज घेतला होता. टण्. पुढचा प्रश्न. बरोबर आलेल्याला काही बोलावं, हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नाही. त्यात खोटं काही नाही. आमच्या घरात पोराचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. मी दहावीला तालुक्यात पहिला आलो तेव्हा आई शेजारणीला म्हणाली होती, "झालं कसंबसं." भागीदाराच्या घरीही तीच रीत. तो नापास व्हायचा तेव्हा वडील तासभर बोलायचे आणि पास झाला की बैल बघायला जायचे.

वडूजला नेण्याआधी तारेवरून उत्तरं नीट येतात का, हे लांबून तपासायला हवं होतं. साताऱ्याच्या घरी फोन होता. एक जुना कॉम्प्युटर तिथे नेला, धड्यांची हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून एसटीनं नेली आणि बसवली. मुलीला म्हटलं, "शेकडेवारी तुम्हाला यंदा आहेच. रोज शाळेतून आलीस की हे सोडव. तेवढीच आम्हाला मदत."

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिकडून फोन लागायचा, आमचा मॉडेम पत्र्यावर मांजरं भांडावीत तसा किंचाळायचा, आणि तिची उत्तरं पडद्यावर उतरायची. पहिल्या दिवशी तार चालते म्हणून आम्ही खालून भजी मागवली. दुसऱ्या दिवशी मी उत्तरं वाचली.

सगळी चूक.

तिसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात तिनं एकही प्रश्न धड सोडवला नाही, शनिवारी वडूजच्या तयारीत मला घरी जाता आलं नाही, आणि पुढच्या सोमवारीही तेच. म्हशी-गाईच्या दुधाला तर रोज सहा, आणि तेही पुन्हा पुन्हा. चुकलं की परत सोडवायची सोय होती, आणि ही पोरगी परत जाऊन परत सहाच म्हणायची.

"आरं, एवढं समजावून सांगितलंय की त्यात," भागीदार डोकं खाजवत म्हणाला. "शिंकून सांगितलंय."

मी बायकोला फोन केला. "शाळेत कशी आहे ती गणितात?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे बरी. तुमच्या घरात यापेक्षा जास्त बोलायची पद्धत आहे का?"

मग मुलीला फोनवर बोलावलं. "बाळ, जड जातंय का?" तर म्हणाली, "नाही. बरं चाललंय." आणि हळूच, "पप्पा, शनिवारी येणार ना?" एवढं विचारून फोन आजीकडे दिला.

मला दोन गोष्टी दिसायला लागल्या, दोन्ही वाईट. एक म्हणजे माझे धडे बिनकामाचे होते. सातवीच्या पोरीला जमत नाहीत ते वडूजच्या माणसाला काय जमणार. दुसरी म्हणजे मी घरात नव्हतो म्हणून माझी पोरगी मागे पडली होती, आणि घरातली सगळी मला "बरी" म्हणून सांगत होती. मी शनिवारची वाट पाहिली नाही. बुधवारीच दुपारची एसटी धरली. वाटेत कऱ्हाडला एक पाटी-पेन्सिल घेतली, सातवीच्या मुलीला पाटी, म्हणजे माझं डोकं कुठे होतं ते कळेल. शेकडेवारी पहिल्यापासून शिकवायची, आणि शिकवून झालं की पाटी उतरवायची, कंपनीची. मनात सगळं ठरलं होतं.

घराचं दार लोटलेलं होतं. आतून माझाच आवाज येत होता. "असू द्या. घाई कशाची?" स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून आत आपणच बोलताना ऐकायचं, हे जरा चमत्कारिक असतं. मी चपला न काढता थांबलो.

मुलगी कॉम्प्युटरपुढे. शेजारी पाटावर आई, पुढ्यात शेंगांचं सूप. बायको नुकतीच ड्युटीवरून आलेली, अंगावर तीच पांढरी साडी, हातात चहाची कपबशी, भिंतीला टेकून उभी.

"लाव की गं ते शिंकंचं," आई म्हणाली. "लय दिस झालं ऐकलं न्हाई."

"काल तर ऐकलं, आजी."

"काल म्हंजे लय दिस न्हाई व्हय?"

मुलीनं प्रश्न काढला. वहीच्या मागच्या पानावर तीस चोक एकशेवीस, दहा आठे ऐंशी, दोनशे भागिले चाळीस असं भराभर मांडलं आणि पुटपुटली, "पाच." मग 'सहा'वर जाऊन कळ दाबली.

"सहा म्हणालात ना?" मी आतून म्हणालो. "मलाही आधी सहाच वाटलं होतं..."

"आता बघ, आता बघ," आई शेंग हातात धरून थांबली.

मी शिंकलो. तिघी हसल्या. बायकोच्या कपातला चहा बशीत सांडला. आई डोळे पुसत म्हणाली, "लहानपणापास्नं असंच शिंकतंय. आख्खं घर हादरायचं."

मी तसाच उभा होतो. पाटी पिशवीत. मग बायकोचं लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी थांबलं, कारण बुधवारी मी दारात उभा असणं म्हणजे काहीतरी वाईट घडलेलं असणार.

"तुला येतंय की हे," मी मुलीला म्हणालो. "मग बरोबर उत्तर का देत नाहीस?"

ती पेन्सिलीचं टोक बोटावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरोबर दिलं की तुम्ही काहीच बोलत नाही, पप्पा. नुसती घंटा वाजते."

आईनं शेंगा फोडायला घेतल्या. बायको चहा गरम करायला आत गेली. मला वाटतं, त्या दोघींनाही तिकडे बघवलं नसावं. मी पिशवीतून पाटी काढली, आता ती काढणं गरजेचं नव्हतं, तरी काढली. मुलगी म्हणाली, "ही कुणाला?" आणि खूप दिवसांनी ती पाहुण्याशी बोलावं तशी न बोलता खदखदून हसली.

सांगलीला परतून भागीदाराला सगळं सांगितलं. त्यानं घंटेची ती पितळी ताटली उचलून उलटीसुलटी बघितली. मग म्हणाला, "आपुन बी पास झाल्याव बैलच बघत बसलो की रं."

ठरलं, की बरोबर उत्तरालाही बोलायचं. गोधड्या टांगल्या. मी माइकपुढे बसलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "शाब्बास."

"आरं, उत्तर बरोबर आलंय," भागीदार म्हणाला. "अटक करायची न्हाई त्याला."

पुन्हा म्हणालो. आता माफी मागितल्यासारखं आलं. चुकीला किती मऊ बोललो होतो मी, आणि बरोबरला माझ्या तोंडातून शब्द निघेना. माइकपुढे कुणी नव्हतं, दृष्ट लागायला कुणी समोर नव्हतं, तरी जीभ जड. दोन दुपारी आम्ही अशा घालवल्या. शेवटी भागीदार म्हणाला, "पोरीला घिऊन ये."

रविवारी बायको तिला घेऊन सांगलीला आली. खाली कांडप बंद, वर गोधडीच्या आत आम्ही दोघं बापलेक, मध्ये माइक. मी प्रश्न विचारायचा, तिनं उत्तर द्यायचं. म्हशीचं दहा, गाईचं तीस. ती म्हणाली, "पाच." मी तिच्याकडे पाहिलं. गोधडीत उकडत होतं, तिच्या नाकावर घाम आला होता, आणि ती वाट बघत होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वा गं माझी बाई!"

बाहेरून भागीदार ओरडला, "घावलं! पर हे दूधवाल्यास्नी चालायचं न्हाई. आता त्यास्नी म्हनल्यागत म्हन."

गळा एकदा मोकळा झाल्यावर तेही जमलं. "वा! अगदी बरोबर केलंत." मुलीसाठी एक डिस्क, तिच्यात चुकीचं बोलणंही 'अगं-तुगं'चं केलेलं, आणि संघासाठी एक. दोन्ही सारख्याच रुमालात, सारख्याच डब्यांत. पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच.

वडूजच्या केंद्रावर संघाचे साहेब, भागीदार, मी आणि तिथले तपासणीवाले मामा. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, निवृत्तीला आलेले. माउसला हात लावायला घाबरत होते. पहिल्या दोन उत्तरांना चुकले; मशीन म्हणालं, "असू दे बाळ, घाई कशाची." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डबा कुठला आणलाय ते मला कळलं, पण चालू झालेलं थांबवायचं कसं? तिसऱ्याला मामांनी बोटांवर हिशेब केला आणि हळूच कळ दाबली.

"वा गं माझी बाई!" कॉम्प्युटर म्हणाला.

केंद्रावर कॅन धुणारी माणसं धुणं सोडून आत डोकावली. साहेब रुमालात तोंड घालून हसत होते. मी म्हणालो, "मामा, चुकून मुलीची डिस्क आली. आत्ता बदलतो, उद्या दुसरी..."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या की साहेब," ते म्हणाले. "आमाला आजवर कुणी असं म्हनलं न्हाई. बाई तर बाई." आणि पुढच्या प्रश्नाला खुर्ची ओढून बसले.

संघानं काम दिलं. डिस्क अर्थातच बदलून. म्हणजे पाटी राहिली आणि मीही सांगलीतच राहिलो. ज्याची वरवर भीती होती ते टळलं, आणि ज्याची खरी भीती होती ते तसंच राहिलं, असं ते झालं. बायको म्हणाली, "आता काय, मोठे झालात." पण मी दर बुधवारीही घरी जायला लागलो. भागीदारच म्हणाला, "जा तू. कंपनी मी बघतो. तसंबी तू हितं असून काय करतोस?"

दुसरी, संघाची डिस्क साताऱ्याला गेली होती. मुलीनं फोनवर विचारलं, "पप्पा, मी बरोबर केलं तर मला 'केलंत' का म्हणता? मी कोण साहेब आहे?"

"बदलतो," मी म्हटलं.

त्या बुधवारी डबा घेऊन घरी पोचलो तेव्हा सहामाहीचा गणिताचा पेपर मिळालेला होता. तिनं तो माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि समोर बसली. मी पाहिला. चांगला होता, फारच चांगला होता. मी पान उलटलं, परत सुलटं केलं. आई बघत होती, बायको बघत होती, आणि माझी जीभ पुन्हा जड. गोधडीत सोपं होतं. इथे आईसमोर?

मुलगी थोडा वेळ थांबली. मग चमचा उचलून तिनं माझ्या पाण्याच्या तांब्यावर मारला. टण्.

"वा गं माझी बाई," मी म्हणालो. आवाज बारीक आला, पण आला.

आई उठली. मुठीत मीठ-मोहऱ्या, दोन लाल मिरच्या घेऊन आली आणि नातीवरून ओवाळू लागली. मग थोडी थांबली, आणि तीच मूठ माझ्यावरूनही फिरवली.

"माझ्यावरून कशाला? माझं कुणी कौतुक केलं?"

"केलं न्हाई," आई म्हणाली. "मनात तर यायचं की. तवाची दिष्ट काढायची ऱ्हायल्याली हाय."

तिनं ते सगळं गॅसवरच्या तव्यात टाकलं. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्यांचा धूर स्वयंपाकघरभर झाला, आणि मी शिंकलो, तांब्यातलं पाणी हललं इतका.

"आजी," मुलगी ओरडली, "शिंकेचं लागलं!"